जोडीची ओटी

खड्डा छातीइतका खोल झाला तेव्हा मत्स्य खात्याच्या मॅडम म्हणाल्या, "बस झालं. आता चुना टाका."

आमच्या वस्तीतल्या फागूने फावडे बाजूला ठेवून चुन्याची गोणी फोडली. पांढरा धूर उठला आणि सगळ्यांनी तोंडे फिरवली. मी पळसाच्या सावलीत घमेले पालथे घालून बसले होते. मला सातवा महिना लागला होता. दुपार व्हायला आली होती आणि माझ्या पोटातले बाळ सकाळपासून हलले नव्हते.

हे मी कोणाला सांगितले नव्हते. याआधी दोनदा माझे पोट रिकामे झाले होते, दोन्ही वेळा सातवा लागायच्या आत. दोन्ही वेळा मी आधी बोलले आणि मग ते झाले. म्हणून या खेपेला तोंडच उघडायचे नाही, असे मी ठरवले होते. माहेरी मला हट्टी म्हणत. खरे तर मी भित्री आहे, पण भित्र्या माणसाचा हट्ट फार वाईट असतो.

शेततळे आमचे होते. माझ्या नवऱ्याने, दुधरामने, आदल्या वर्षी त्यात मांगूर सोडला होता. कोण्या व्यापाऱ्याने बोटाएवढी पिल्ले आणून दिली होती. मांगूर म्हणजे आम्हा ढिवर मासेमारांच्या घरचा मासा, आजारी माणसाला, बाळंतिणीला देतात तो. दुधरामला वाटले, ओळखीचाच पाहुणा आहे. पण आठ महिन्यांत ते मासे हातभर लांब झाले. कोंबडीची आतडी टाकली तर पाणी उकळल्यासारखे व्हायचे. तेव्हा माझे सासरे उरकुडा मामाजी तळ्यावर आले. त्यांनी एक मासा उचलला, त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा आपला नोहे. आपल्या मांगुराच्या डोक्याचं हाड मागं टोकदार असते. याचं पसरट हाये."

मामाजी आमच्या मच्छीमार संस्थेतले सगळ्यात जुने. आमच्या हरदाटोल्याचा तलाव गावाच्या चारपट मोठा आणि शे-दीडशे घरे त्याच्यावर जगणारी. त्यात कोणते गवत कुठे उगवते, कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो, हे मामाजी घरातली भांडी सांगावीत तसे सांगत. दुसऱ्या दिवशी ते एसटीने जिल्ह्याला गेले आणि स्वतःच्या मुलाच्या तळ्याची खबर स्वतःच मत्स्य खात्यात देऊन आले. त्या दिवसापासून दुधराम त्यांच्याशी बोलत नव्हता. आत्ताही तो लांब बांधावर पाठ करून बसला होता.

"तलाव किती लांब आहे इथून?" मॅडमनी विचारले.

"हे काय, आमचं घर अन् त्याच्यामागं पाळ," मामाजी तलावाच्या उंच बांधाकडे हात करून म्हणाले. "पाळीपल्याड तलाव."

मॅडम तरुण होत्या, पण त्यांचा चेहरा उतरला. "हा परदेशी मांगूर आहे, काका. ओल असेल तर जमिनीवरून सरपटत जातो. हवेत श्वास घेतो. मासे खातो, बेडूक खातो, पाखरांची पिल्लं खातो. एक जोडी तलावात गेली ना, तर दहा वर्षांनी तुम्हाला तुमचा एकही मासा दिसायचा नाही. म्हणून म्हणते, एकसुद्धा राहता कामा नये."

"नाही राहनार," मामाजी म्हणाले.

मोटर लावून तळ्याचे पाणी उपसले होते. तळाच्या चिखलात मासे एकमेकांवर वळवळत होते, काळे, बिनखवल्यांचे, लांब मिश्यांचे. फागू आणि आणखी दोघे घमेल्याने ते काढत आणि काठावर ढीग लावत. पाण्याबाहेर येऊनही ते मरत नव्हते. तोंडे उघडत, मिटत. मी पुष्कळ मासे मरताना पाहिलेत, सासरी आल्यापासून मी मासेच विकते. पण मासा आपल्याकडे बघतो आहे असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

माझ्या पायाशी एक मादी येऊन पडली. पोट गच्च, टरटरलेले. बोटाने जरा दाबले तर हिरवट अंड्यांचे दाणे बाहेर आले.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, अंड्यांवर आलेली मादी मारत नाहीत, निदान आषाढात पहिली सापडलेली तरी नाही. घरात पोटुशी बाई असेल तर सातव्या महिन्यात तिच्या हातून त्या मादीची ओटी भरतात आणि तलावात सोडतात. मादी एकटी सोडत नाहीत, नर बरोबर देतात. जोडीची ओटी म्हणतात तिला. तिची पिल्ले पाण्यात राहिली तर बाईचे पोटात राहते, अशी समजूत. माझ्या पहिल्या दोन खेपांना सातवा लागलाच नाही, म्हणून ओटीही झाली नाही. या खेपेला मामाजींनी स्वतः कबूल केले होते की सापळ्यात आपल्या मांगुराची जोडी सापडली की आणून देतो. पण महिनाभर तळ्याचीच भानगड चालली होती. सापळे लावायला त्यांना सवड नव्हती आणि मला आठवण करून द्यायची लाज वाटत होती.

"मामाजी," मी हाक मारली. "ही अंड्यांवर हाये."

त्यांनी वळूनसुद्धा पाहिले नाही. "असू दे."

"अंड्यावरची मारत नाही ना आपन?"

"आपली मारत नाही. हे आपले नोहोत, बाई."

"पोट तं सारखंच हाये."

आता ते वळले. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसले कोण जाणे, आवाज खाली आणून म्हणाले, "तू घरी जा पुस्तकला. भरल्या पोटानं असं पाहत बसू नोको. तुझी ओटी राहिली हाये, मले ध्यानात हाये. परवा सापळा लावतो."

परवा. मी पोटावर हात ठेवला. आत काही नव्हते, म्हणजे होते, पण गाठोडे ठेवावे तसे. परवापर्यंत काय होईल ते मला ठाऊक होते. दोनदा पाहिले होते.

पहिले घमेले खड्ड्यात पडले. चुन्यावर पडताच मासे उसळले आणि खड्ड्यातून चटचट आवाज आला. मॅडम जीपकडे गेल्या, त्यांना ते बघवत नव्हते. मामाजी आणि दोघे गडी मोटरचा पाइप ओढायला तळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. फागू खड्ड्यावर वाकलेला होता. मी ज्या घमेल्यावर बसले होते त्याच्या शेजारी माझी पाण्याची बादली होती.

मादी मी उचलली. निसटली, पुन्हा उचलली. नर ओळखायचा कसा ते मामाजींनीच मला शिकवले होते, शेपटाकडे पोटाखाली टोकदार खूण असते. ढिगातून तसा एक काढला. दोन्ही बादलीत कोंबले, वर पदराचे ओले टोक टाकले आणि उठले. सातव्या महिन्यातली बाई बादली घेऊन घराकडे निघाली तर तिला कोण विचारणार? दुधरामने तेवढे बांधावरून विचारले, "कुठं चालली?"

"घरी. मळमळून रायलं."

घरी मी मूठभर तांदूळ घेतले, हळद-कुंकू घेतले, खणाचा एक तुकडा घेतला. देवापुढे थांबले नाही. मागच्या दाराने पाळीवर चढले. भर दुपारी घाटावर कोणी नव्हते. पाणी गुडघाभर गवतातून चमकत होते आणि कमळाच्या पानांवर लांब पायांची पाखरे चालत होती. काठाशीच मरळीची पिल्ले होती. मरळ आपली पिल्ले घेऊन फिरते, हजारभर लाल ठिपके एका गोळ्यात, आणि आई-बाप खाली राखण करत असतात. असा गोळा दिसला की आमच्याकडे पोरेसुद्धा तिथे गळ टाकत नाहीत.

मी पाण्यात उतरले. आधी नर सोडला, तो काळ्या दोरीसारखा निघून गेला. मग मादीच्या डोक्याला हळद-कुंकू लावले, खण टेकवला, तांदूळ सोडले आणि जे म्हणायचे असते ते म्हटले. "तुझी पिल्लं पान्यात राहोत, माझं पोटात राहो."

आपली मादी सोडली की सरळ गवतात जाते. बायका म्हणतात, ती लाजते. ही गेली नाही. माझ्या पायाभोवती तिने एक फेरी मारली, परत आली आणि ओटीचे तांदूळ खाऊ लागली. तांदळाच्या वासाने मरळीच्या पिल्लांचा गोळा काठाकडे सरकला. तिने तोंड उघडले. घाईसुद्धा केली नाही. लाल गोळ्याला खड्डा पडला. खालून मरळ उसळून आली आणि तिला धडकली, एकदा, दोनदा. मादी जागची हलली नाही. पुन्हा तोंड उघडले. तिच्या डोक्यावरचे माझे कुंकू अजून पुसले नव्हते.

मी वाकले. तिला धरायला वाकले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. हात पाण्यात घातला आणि त्याच वेळी माझ्या पोटात लाथ बसली. अशी जोराची की मी पाण्यात खाली बसले. मग दुसरी. मी दोन्ही हात पोटाला लावले आणि हसले. खोटे कशाला सांगू, हसले मी. वर पाहिले तेव्हा पाण्यात मादी नव्हती.

मी परत गेले तेव्हा खड्डा बुजवून झाला होता. वर हातभर मातीचा ढीग होता आणि तो ढीग हलत होता. एकदा इथली माती फुगायची, एकदा तिथली.

"सगळे?" मॅडमनी विचारले.

"सगळे," मामाजी म्हणाले.

फागू गोणपाटाची गुंडाळी बगलेत मारून निघाला. त्यातून शेपट्या दिसत होत्या. मॅडमनी हटकले तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "मेलेले हायेत मॅडम, दोनच घेतले. घरी म्हातारी हाये, रांधून घालीन." मॅडमनी गोणपाट उघडून पाहिले, मासे ठेचलेले होते. त्यांनी मान हलवली आणि फागू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाळीवरून आपल्या घराकडे गेला.

मामाजी माझ्याजवळ आले. "घरी गेली होती ना? आता कसं वाटून रायलं?"

"मामाजी, सकाळपासून हललं नोहतं. आता हललं."

त्यांचा चुन्याने पांढरा झालेला चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्यांनी तलावाकडे तोंड केले आणि हात जोडले.

भाद्रपदात समीक्षा झाली. पाच दिवसांची झाली तेव्हा मामाजींनी माझ्यासाठी मरळ आणून रांधायला लावली आणि मी जेवत असताना ते म्हणाले, "ओटीचं राहूनच गेलं. मी सापळा लावला त्या हप्त्यात, पन काही गावलं नाही."

"भरली मी," मी म्हणाले. "घाटावर कोतरीची जोडी गावली होती."

कोतरी म्हणजे बोटाएवढा, चांदीसारखा साधा मासा. मामाजी खूश झाले. "कोतरी का असेना. पान्यातली लेकच ते."

पहिले वर्ष काही झाले नाही. मी तर विसरलेच होते, किंवा विसरले असे मला वाटत होते. पुढच्या पावसाळ्यात पाणडुबी पाखरांची पिल्ले दिसली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी बेडूक गप्प झाले. आषाढात आमच्याकडे बेडकांच्या आवाजाने माणसाला माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, आणि त्या वर्षी अंगणात बसले तर पलीकडच्या घरातला खोकला ऐकू यायचा. मामाजी संध्याकाळी पाळीवर बसून कान देत. "पान्यात काही तरी हाये," म्हणत. तिसऱ्या आषाढात मरळीचा एकही लाल गोळा त्यांना दिसला नाही. चार दिवस ते डोंगा घेऊन सगळा तलाव फिरले. पाचव्या दिवशी त्यांच्या बांबूच्या सापळ्यात एक मासा आला, दंडाएवढा जाड. ते घरी आले आणि अंगणात पळसाच्या पानावर त्यांनी त्याचे पोट फाडले.

आत कोतऱ्या होत्या, झिंगे होते, आणि पाखराचे दोन पाय होते, बोटे मिटलेले. समीक्षा तेव्हा तीन वर्षांची होती. ती म्हणाली, "आजोबा, चिमनीचे पाय."

मामाजींनी माशाच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. मला ते बघायची गरज नव्हती.

त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात संस्थेची बैठक बसली. बुजवलेल्या खड्ड्यातून मासा येत नाही, म्हणजे कोणी तरी सोडला. कोणी? सगळ्यांनी एकाच माणसाला पाहिले होते, बगलेत गोणपाट घेऊन पाळीवरून जाताना.

"मी खाल्ले," फागू म्हणाला. "दोन होते, दोन्ही खाल्ले. मायनं रांधले. माझ्या मायले पुसा."

"माय पोराकडूनच बोलंन," कोणी तरी म्हणाले.

"मरेल मासे होते, काका. मॅडमनं पाहिले."

"तो मासा तासभर मातीखाली हलत होता, फागू," मामाजी म्हणाले. "मेला का जिता, कोनाले समजते?"

फागूने तलावाकडे हात करून शपथ घेतली. ढिवराने तलावाची शपथ घेतली की पुढे विचारत नाहीत. पण त्या दिवशी सगळे घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसांना कोणी तरी हवे असते. मी दारात उभी होते, समीक्षा माझ्या कडेवर. फागूची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"वहिनी, तुमी तं तिथंच होत्या. तुमी पाहिलं ना मॅडमले गोनपाट उघडताना? ठेचलेले होते ना मासे?"

सगळी माणसे माझ्याकडे बघू लागली. समीक्षाने माझ्या मानेला हात घातला होता आणि ती माझ्या मंगळसूत्राचे मणी चोखत होती. मी तेव्हा काय विचार केला ते मला स्वच्छ आठवते. बोलले तर ही जाईल. तीन वर्षांची, चालती-बोलती पोर, पण मला वाटले की ती ओटी खोटी होती असे तोंडाने म्हटले की तलाव दिलेले परत मागेल.

"मी घरी होती," मी म्हणाले. "मळमळत होतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी देतात. फार शांतपणे, स्वतःच्या दारात उभे राहून. मामाजींनी खाली मान घालून सांगितले की यापुढे फागूचे जाळे या तलावात पडणार नाही. ढिवराचे जाळे थांबवले की त्याला गावात दुसरे काही नसते. महिन्याभरात तो बायकोला घेऊन वीटभट्टीवर गेला, कुठे रायपूरकडे. त्याची म्हातारी मागे राहिली. मी तिला रोज डबा नेऊन द्यायची. गाव म्हणायचे, उरकुड्याची सून मोठ्या मनाची. दोन वर्षांनी म्हातारी गेली तेव्हा तिच्या तोंडात पाणी मी घातले. फागू पोचला तेव्हा राखसुद्धा थंड झाली होती.

मॅडम दहा वर्षे म्हणाल्या होत्या. तितकीही लागली नाहीत. पाणी तसेच राहिले, कमळेही राहिली, पण जाळे टाकावे तर त्यात एकच मासा, काळा, मिश्यांचा. तो कोणी घेईना. घरोघरची जाळी भिंतीला टांगली गेली. संध्याकाळी पाळीवर उभे राहिले की पाण्यावर इथे-तिथे तोंडे वर यायची, हवा गिळायची आणि खाली जायची. तेवढाच आवाज. समीक्षाला तो आवाज लहानपणापासून माहीत. तिला वाटायचे तलाव असाच असतो.

मग तो दुष्काळ आला. समीक्षा चौदा वर्षांची होती. वैशाखाच्या शेवटी तलाव आटून मधोमध एक डबके उरले. खात्याने सांगितले, हीच वेळ आहे, पाणी भरायच्या आत चिखल उकरून सगळा मांगूर काढा. सगळा टोला उतरला. मामाजी ऐंशीच्या पुढचे, त्यांची खाट उचलून काठावर आणून ठेवली. माणसे कमी पडतात म्हणून त्यांनीच निरोप धाडला होता आणि फागूसुद्धा आला होता. केस पांढरे, पाठ भट्टीने वाकलेली. कोणी त्याला अडवले नाही. राखायचे असे तलावात उरले तरी काय होते?

काठावर खड्डा खणला होता. चुन्याची गोणी तशीच. मी तिकडे पाठ करून काम करत होते. चिखलात कोपरापर्यंत हात घालायचा, थंड गुळगुळीत अंग लागले की ओढायचे. पाणी नसले तरी ते आत बसून होते, वाट बघत.

"आई!"

समीक्षा माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिच्या दोन्ही हातांत एक मादी होती, तिच्या मांडीइतकी. पोट टरटरलेले. पोरीच्या बोटांतून हिरवट दाणे गळत होते.

"आई, ही अंड्यांवर आहे. अंड्यांवरची मारत नाहीत ना?"

"ही आपली नोहे, समीक्षा," काठावरून मामाजी म्हणाले. "टाक खड्ड्यात."

ती जागची हलली नाही. हट्ट तिने माझाच घेतला आहे. "पण आई, तू माझ्या वेळी सोडली होतीस ना जोडी? तूच सांगतेस नेहमी, तिची पिल्लं पाण्यात राहिली म्हणून मी राहिले. कोणती सोडली होतीस तू?"

उत्तर तयार होते. चौदा वर्षे तयार होते, आणि मामाजींना पाठही होते. कोतरी. एक शब्द म्हणायचा आणि पुन्हा वाकायचे. फागू माझ्या उजव्या हाताला गुडघाभर चिखलात होता. त्याने वरसुद्धा पाहिले नव्हते, तो आपला हात घालत होता, काढत होता. मी समीक्षाकडे पाहिले. चौदा वर्षांची, उन्हाने तांबडी झालेली, चिखलाने भरलेली, माझी. त्या माशाचे तोंड तिच्या हातांत उघडत होते, मिटत होते. आणि मला कळले की ही माझी भीती आता तिच्या हातांत आहे. आज मी गप्प राहिले तर उद्या पोटुशी असताना तीही बादली उचलेल.

"हीच," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"हीच जात. खड्ड्यात टाकायच्या ढिगातून मी चोरली. जोडीनं नेली अन् घाटावर सोडली. फागूभाऊनं नाही. मी."

चिखलातली माणसे एकेक करून थांबली. लांब दुधराम उभा होता, तोही थांबला. मामाजी खाटेवर उठून बसायचा प्रयत्न करत होते.

"कोतरीची बोलली होती तू," ते म्हणाले.

"खोटं बोलली, मामाजी."

त्यांनी त्या कोरड्या तलावाकडे पाहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथे मला त्यांनी एकेका गवताचे नाव शिकवले होते. मग हाक मारली.

"फागू."

"हो काका."

"घरी जा अन् तुझं जाळं आन. आजपासून तुझं जाळं पडंन या तलावात. पहिलं तुझंच पडंन."

फागू सरळ उभा राहिला. त्याने हात कमरेला पुसले. माझ्याकडे त्याने पाहिलेच नाही. त्याने शिवी दिली असती तर मी ती पदरात घेतली असती.

"आनतो काका," तो म्हणाला. "पन पकडू काय?"

तो पुन्हा वाकला आणि चिखलात हात घालू लागला. समीक्षा मासा छातीशी धरून काठापर्यंत गेली, तो तिने खड्ड्यात टाकला आणि परत आली. माझ्याजवळची जागा मोकळी होती. ती फागूच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिने चिखलात हात घातला.